हरताळ, हळद आणि काळा आरसा

पोथी लिहिता लिहिता अक्षर चुकलं, तर जुना लेखनिक त्यावर काट मारत नसे. काट मारलेलं पान डोळ्यांना खुपतं. तो हरताळाची पिवळी पूड डिंकाच्या पाण्यात कालवी, चुकलेल्या अक्षरावर तिचा लेप देई आणि लेप वाळला की वर नवं अक्षर काढी. जुन्या हस्तलिखितांत असे पिवळे डाग आजही दिसतात. ‘केलेल्या कष्टांवर हरताळ फासला’ असं आपण म्हणतो ते या लेपावरून. (दुकानं बंद ठेवण्याचा हरताळ निराळा. तो ‘हट्ट’ म्हणजे बाजार आणि ‘ताळा’ म्हणजे कुलूप यांतून आलेला आहे. दोघांची गाठ फक्त उच्चारात पडते.)

हे हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. त्याचं नारिंगी-तांबडं भावंड म्हणजे मनशीळ, तेही याच दोघांचं, फक्त प्रमाण वेगळं. दोन्ही भाजली की पांढरा धूर निघतो, आणि तो गार पृष्ठभागावर बसला की जी पांढरी पूड मिळते तो सोमल. सोमल पाण्यात विरघळला की त्याला ना रंग, ना वास, ना सांगण्यासारखी चव. लेखनिकाच्या कुंचल्यातली चकचकीत पिवळी वस्तू आणि वारसाहक्काच्या भांडणात कुणाच्या तरी पेल्यात पडलेली पांढरी चिमूट, दोन्हींत मूलद्रव्य एकच.

पण बघून हे कळणार कसं? हरताळाचा रंग सोन्यासारखा, म्हणून त्यात सोनंच असणार असं पुष्कळांना वाटलं. रोमन सम्राट कॅलिग्युला याने सोन्याच्या आशेने हरताळाचा मोठा साठा आटवला, सोनं निघालं पण इतकं थोडं की सौदा तोट्यात गेला, अशी नोंद प्लिनी या रोमन लेखकाने करून ठेवली आहे. निघालं ते सोनं खनिजात भेसळ म्हणून आलेलं असणार. हरताळातला खरा मालक, आर्सेनिक, भट्टीच्या धुराड्यातून निघून गेला आणि सम्राटाला त्याचा पत्ताही लागला नाही.

संयुगात शिरलं की आर्सेनिकसारखं धातुसदृश मूलद्रव्य स्वतःवरच हरताळ फासून घेतं. लोखंड गंजात तांबडं दिसतं, तांबं मोरचुदात निळं दिसतं. धातुसदृशांना असली सवय नाही. त्यांना नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि प्रश्न चुकला की ती खुशाल गप्प राहतात.

ही मंडळी कोण? आवर्तसारणीच्या उजव्या बाजूला बोरॉनपासून एक नागमोडी जिना खाली उतरतो. त्याच्या डावीकडे धातू, उजवीकडे अधातू आणि पायऱ्यांवर बसलेले बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनिअम, आर्सेनिक, अँटिमनी, टेल्युरिअम. पोलोनिअम आणि ॲस्टेटिन यांना पंगतीत घ्यायचं की नाही यावर एकमत नाही, कारण मुळात धातुसदृशाची सर्वांना मान्य अशी व्याख्याच नाही. गंमत म्हणजे ‘मेटॅलॉइड’ हा शब्द रसायनज्ञ बर्झेलियसने १८११ साली वापरला तो सरसकट अधातूंसाठी. आजचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला.

कागदावरच्या नावात धातुसदृश ओळखायचा असेल, तर तो कोणाच्या खुर्चीवर बसलाय ते बघावं. सोडिअम बोरेट, कॅल्शिअम सिलिकेट, लेड आर्सेनेट ही नावं घ्या. पुढे धातू, मागे ‘एट’ लावून धातुसदृश, म्हणजे तो ऑक्सिजनच्या गराड्यात अधातूच्या खुर्चीवर आहे. गॅलिअम आर्सेनाइडमध्ये ‘आइड’ आहे, म्हणजे ऑक्सिजन नाही, पण खुर्ची तीच. बहुतेक वेळा असंच असतं. अँटिमनी मात्र कधीकधी उठून धातूच्या जागी जाऊन बसतो. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात १९२० च्या सुमारास काळा आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध तयार केलं, त्याआधी त्या रोगावर अँटिमनीचं एक टार्टरेट टोचत असत. त्या टार्टरेटमध्ये अँटिमनी धातूच्या बाजूला आहे. एकाच माणसाने सकाळी वादीची आणि दुपारी प्रतिवादीची वकिली करावी, तसा हा प्रकार.

नाव माहीत असेल तर हे ठीक. पुढ्यात नुसतीच पांढरी पूड असेल तर?

कॅरमच्या बोर्डावर आपण जी पावडर शिंपडतो, ती बोरिक ॲसिडची. सोनार डाग लावताना, म्हणजे झाळकाम करताना, जो टाकणखार वापरतो तो बोरॉनचाच क्षार. तापलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर बसतो, तो टाकणखार वितळून स्वतःत सामावून घेतो आणि डाग स्वच्छ बसतो. दोन्ही पुडी पांढऱ्या. मीठ पांढरं, तुरटी पांढरी, सोडाही पांढरा. या सगळ्यांतून बोरॉनवाली पूड वेगळी काढणारी वस्तू आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे, ती म्हणजे हळद.

हळदीच्या अर्कात बुडवून वाळवलेला कागद घ्यायचा. संशयित पूड पाण्यात विरघळवून त्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, कागद त्यात भिजवायचा आणि सौम्य उष्णतेवर वाळवायचा. बोरॉन असेल तर वाळता वाळता कागद तांबूस होतो. मग त्यावर अमोनियाचा किंवा कॉस्टिक सोड्याचा थेंब टाकला की ती जागा हिरवट-काळी पडते. आम्ल घालण्याची पायरी गाळली तर मात्र फसगत ठरलेली. हळद साबणाने, चुन्याने, सोड्याने, कुठल्याही अल्कलीने लाल होते. आमटीच्या डागावर साबण लावून बघितलेल्या कुणालाही हे माहीत आहे. अल्कलीची लाली आम्लात टिकत नाही. बोरॉनची टिकते. कारण तिथे हळदीतलं कर्क्युमिन बोरॉनला दोन्ही बाजूंनी धरतं आणि एक नवंच तांबडं संयुग तयार होतं. दुधात बोरिक ॲसिडची भेसळ शोधायला आजही हाच हळदीचा कागद वापरतात.

आता पारंपरिक कुंकवाची कृती आठवा. हळकुंडं, लिंबाचा रस आणि टाकणखार. नुसत्या लिंबाने हळद पिवळीच राहते. लिंबाच्या आंबटपणाने टाकणखारातून बोरिक ॲसिड सुटतं आणि ते हळदीला तांबडं करतं. म्हणजे प्रयोगशाळेतली बोरॉनची कसोटी आणि घरचं कुंकू यांची रसायनविद्या एकच. फरक एवढाच की प्रयोगशाळेला उत्तरात रस असतो आणि कुंकू करणाऱ्या बाईला रंगात.

बोरॉनची दुसरी कसोटी दिसायला देखणी आहे. बशीत बोरिक ॲसिड, स्पिरिट आणि थोडं तीव्र सल्फ्युरिक आम्ल घेऊन पेटवलं की ज्योतीची कड हिरवी होते. पण हिरवी ज्योत तांबंही देतं, बेरिअमही देतं. एका कसोटीवर भरवसा ठेवू नये हे रसायनशाळेत पहिल्याच वर्षी सांगतात. ते खरं का आहे हे कळायला एखादी मोठी चूक बघावी लागते.

तशी एक चूक इंग्लंडमध्ये झाली. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. जॉन बोडल नावाच्या तरुणावर कॉफीत सोमल घालून आजोबांना मारल्याचा आरोप होता. तपासणीचं काम वुलिचच्या शस्त्रागारात असलेल्या जेम्स मार्श या रसायनज्ञाकडे आलं. त्याने रूढ पद्धत वापरली. संशयित द्राव आम्लधर्मी करून त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला आणि पिवळा साका खाली बसला. आर्सेनिक सापडलं! पण खटला उभा राहीपर्यंत तो साका बिघडला. ज्युरीपुढे दाखवायला धड काही उरलं नाही आणि बोडल सुटला.

तो पिवळा साका काय होता? आर्सेनिक आणि गंधक, पोथीवरचं तेच हरताळ. मार्शने न्यायालयात अक्षरशः हरताळ नेलं आणि त्याच्या पुराव्यावर हरताळ फासला गेला. मराठी येत असती तर तो स्वतःवर थोडा हसला असता. प्रत्यक्षात तो चिडला, आणि त्या चिडण्यातून १८३६ साली एक कसोटी जन्माला आली.

विचार सरळ होता. हायड्रोजन सल्फाइडने आर्सेनिक एका संयुगातून दुसऱ्या संयुगात जातं. मार्शला ते संयुगातून बाहेर, उघडं हवं होतं. त्याने बाटलीत जस्त आणि सौम्य सल्फ्युरिक आम्ल घेतलं. या दोघांतून हायड्रोजन निघतो हे शाळेतली मुलंही करतात. त्यात संशयित नमुना टाकला. सोमल असेल, तर नुकताच जन्मलेला हायड्रोजन त्यातला ऑक्सिजन काढून घेतो आणि स्वतः आर्सेनिकला चिकटतो. तयार होतो आर्सिन, अत्यंत विषारी वायू. हा वायू काचेच्या बारीक नळीतून जाऊ द्यायचा आणि नळी एका जागी दिव्याने तापवायची. उष्णतेने आर्सिन फुटतो, हायड्रोजन पुढे जातो आणि तापलेल्या जागेच्या पलीकडे, जिथे काच गार आहे तिथे, काळपट-तपकिरी चकचकीत थर बसतो. हा आर्सेनिकचा आरसा. एक मिलिग्रॅमचा पन्नासावा भाग असला तरी तो दिसतो. नळीची दोन्ही तोंडं बंद केली की पुरावा न्यायाधीशाच्या टेबलावर ठेवता येतो.

चार वर्षांनी फ्रान्समध्ये या आरशाची खरी परीक्षा झाली. मारी लाफार्ज या तरुणीवर नवऱ्याला, शार्लला, सोमल घातल्याचा आरोप होता. त्युल गावच्या न्यायालयात स्थानिक तज्ज्ञांनी केलेल्या कसोट्या एकमेकींशी जुळेनात. शवाच्या अवशेषांत आर्सेनिक नाही असंही सांगून झालं. शेवटी पॅरिसहून विषतज्ज्ञ माथ्यू ओर्फिला याला बोलावलं. त्याने त्याच अवशेषांतून आर्सेनिक काढून दाखवलं. मारीला जन्मठेप झाली. सप्टेंबर १८४० मध्ये सारा फ्रान्स या खटल्याच्या बातम्यांवर तुटून पडला होता.

ओर्फिला श्रेष्ठ ठरला तो निव्वळ हातोटीमुळे नव्हे. कसोटी किती खरी बोलते हे त्याने आधी कसोटीलाच विचारलं होतं. बाजारातल्या जस्तात आर्सेनिकचा अंश असतो, सल्फ्युरिक आम्लातही असू शकतो. तेव्हा नमुना न टाकता नुसतं जस्त आणि आम्ल घेऊन आरसा पडतो का, हे आधी बघायला हवं. स्मशानातल्या मातीत आर्सेनिक आहे का, तेही बघायला हवं. नाहीतर दुकानदाराने विकलेल्या जस्ताबद्दल एखादी बाई तुरुंगात जायची.

आणखी एक खाचखळगा होता. अँटिमनीही असाच वायू देतो आणि असाच आरसा पाडतो. त्या काळी ओकारी काढण्यासाठी अँटिमनीचं तेच टार्टरेट औषध म्हणून देत. म्हणजे विषबाधा झालीय अशा संशयाने डॉक्टरने औषध दिलं, की औषधाचाच आरसा पडणार! सुटका साध्या वस्तूने झाली. सोडिअम हायपोक्लोराइटचा द्राव, म्हणजे आज फरशी पुसायला वापरतो तसला ब्लीच, आरशावर टाकायचा. आर्सेनिकचा आरसा विरघळतो, अँटिमनीचा तसाच राहतो. दोघं जुळे भाऊ दिसायला सारखे, पण एकाला पोहता येतं.

महाविद्यालयात रसायनशास्त्र केलेल्या माझ्या पिढीला मार्शचा आरसा क्वचितच दिसला असेल. किपच्या उपकरणाचा वास मात्र आयुष्यभर लक्षात आहे. त्या तीन मजली काचपात्रातून हायड्रोजन सल्फाइड यायचा आणि परीक्षानळीत रंग उमटायचे. पिवळा आला की आर्सेनिक, नारिंगी आला की अँटिमनी. कॅडमिअमही पिवळाच साका देतं, त्यामुळे तो अल्कधर्मी सल्फाइडमध्ये विरघळतो का हे बघावं लागे. आर्सेनिकचा विरघळतो, कॅडमिअमचा नाही. घरी गेल्यावर आई विचारायची, आज अंडी नासली का रे तुमच्या कॉलेजात?

हाच वायू आणि हेच साके मार्शनंतर पन्नास वर्षांनी एका जर्मन प्राध्यापकाला छळत होते. ती गोष्ट खुनाची नाही, हिशेबाची आहे. फ्रायबर्गजवळच्या खाणीत १८८५ साली एक नवं चांदीचं खनिज सापडलं, आर्जिरोडाइट. क्लेमेन्स विंकलरने त्याचं पृथक्करण केलं. सुमारे ७५ टक्के चांदी, १७ टक्के गंधक, चिमूटभर लोखंड, पारा वगैरे. सगळ्यांची बेरीज ९३-९४ टक्के. उरलेले सहा-सात टक्के कुठे गेले? विंकलरने पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच कमी. चूक हाताची असती तर दर वेळी वेगळी आली असती. दर वेळी तेवढंच कमी पडतं, म्हणजे न ओळखलेलं कुणीतरी आत बसलंय.

महिनोन्‌महिने ते हाती लागलं नाही, कारण त्याचा साका साध्या आम्लात पडतच नाही. शेवटी विंकलरने द्रावात भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं, आणि ६ फेब्रुवारी १८८६ रोजी पांढराशुभ्र साका खाली बसला. आर्सेनिकचा पिवळा, अँटिमनीचा नारिंगी, आणि हा पांढरा. त्यातून निघालेल्या मूलद्रव्याला त्याने जर्मेनिअम नाव दिलं. सारणीत त्याची जागा कुठली यावर थोडा गोंधळ झाला. आपण अँटिमनीचा एखादा जवळचा नातेवाईक शोधलाय, असं विंकलरला आधी वाटलं. मग आकडे जुळले. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८७१ साली सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या घरात जे मूलद्रव्य बसेल म्हणून भाकीत केलं होतं, त्याचा अणुभार ७२ आणि घनता ५.५. विंकलरला मिळालं ते ७२.३ आणि ५.४७. माझ्या मते या दोघांत विंकलरचं काम जास्त अवघड. रिकामी जागा दाखवायला बुद्धी लागते. सहा टक्क्यांच्या तुटीला ‘असेल काहीतरी चूक’ म्हणून सोडून न द्यायला स्वभाव लागतो.

टेल्युरिअमचा शोध लागला त्याला नाकाची साक्ष होती. ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खनिजातून म्युलर फोन रायखेनस्टाइनने १७८२ च्या सुमारास एक अनोळखी वस्तू वेगळी केली. ती तापवली की मुळ्यासारखा वास येई. पुढे १७९८ मध्ये क्लाप्रोटने तिला नाव दिलं. शरीरात गेलेलं टेल्युरिअम श्वासातून लसणाच्या उग्र वासाने बाहेर पडतं. एकोणिसाव्या शतकात बिस्मथची औषधं घेणाऱ्या रोग्यांच्या तोंडाला असा वास येई, आणि दोष बिस्मथला दिला जाई. प्रत्यक्षात वास त्यात मिसळलेल्या टेल्युरिअमच्या अंशाचा होता. आर्सेनिकची खनिजंही निखाऱ्यावर टाकून फुंकणीने फुंकली की लसणासारखीच वासतात. खनिजतज्ज्ञ ही खूण शतकभर वापरत आले. आज कुणी ती वापरू नये; तो वास ओळखण्यासाठी जे नाकात घ्यावं लागतं, ते घेण्याजोगं नाही.

सिलिकॉनबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याची अडचण उलटी आहे. तो सापडत नाही असं होत नाही, तो नाही अशी जागा सापडत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण वजनाने जवळजवळ निम्मा सिलिका आहे. पुण्या-नाशकाकडच्या दगडखाणींत त्या पाषाणाच्या पोकळ्यांमधून पांढरे, सुयांसारखे स्फटिक निघतात. खाणीवरचा माणूस त्यांना गारा म्हणतो. त्यांवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं आणि फसफसलं, तर ते कॅल्साइट, त्यात सिलिकॉन नाही. फसफसलं नाही, आणि पूड आम्लात ठेवल्यावर काही वेळाने तिचा खळीसारखा चिकट लगदा झाला, तर तो स्कोलेसाइटसारखा झिओलाइट. लगदा म्हणजे सुटून आलेलं सिलिसिक आम्ल. सगळी सिलिकेटं इतकी उदार नसतात. गारगोटीला या आम्लाने काही होत नाही, तिला हायड्रोफ्लुओरिक आम्लच लागतं, आणि ते हाडांपर्यंत पोचणारं आम्ल असल्यामुळे हौशी माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पुन्हा आर्सेनिककडे यायला हवं, कारण त्याची सर्वांत मोठी विषबाधा कुणी केलीच नाही.

१९७० च्या दशकात बांगलादेशात, तळ्यातलं पाणी पिऊन हगवण आणि कॉलराने मुलं मरतात म्हणून, गावोगावी नळकूप खणले गेले. पश्चिम बंगालमध्येही खणले गेले. पाणी नितळ, गार, जंतूंपासून मुक्त. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपाय खडबडीत झालेले, अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग पडलेले खेडूत येऊ लागले. ही खूण सोमलाची, हे त्यांनी ओळखलं. विष घालणारा कुणी नव्हता. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या ऑक्साइडवर आर्सेनिक चिकटून बसलेलं असतं. जमिनीखाली ऑक्सिजन संपला की जिवाणू त्या लोहाला विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. पाणी उकळलं तरी ते जात नाही. पाणी आटल्यामुळे उलट त्याचं प्रमाण वाढतं.

१९९२ साली एका ब्रिटिश भूशास्त्रीय संस्थेने बांगलादेशातल्या नळकुपांच्या पाण्याचा अभ्यास केला. अनेक घटक तपासले. आर्सेनिक तपासलं नाही. पुढे यावरून इंग्लंडात दावा झाला आणि तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन २००६ साली संस्थेच्या बाजूने निकाली निघाला. कायद्याचं काय ते असो. त्या अहवालात आर्सेनिकच्या रकान्यात शून्य लिहिलेलं नव्हतं, रकानाच नव्हता. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटले.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० कोटी भाग पाण्यात एक भाग आर्सेनिक. एवढं कमी मोजायला महागडी यंत्रं आहेत, पण लाखो विहिरींच्या काठावर ती नेणार कोण? तिथे मार्शच कामाला आला. आजच्या खेड्यातल्या तपासणीच्या पेटीत एक बाटली असते, त्यात पाणी, जस्ताची पूड आणि आम्लाची पुडी घालायची. आर्सिन निघतो. तापलेल्या नळीऐवजी झाकणात मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदाची पट्टी असते. वायू लागला की पट्टीवर डाग पडतो, आर्सेनिक थोडं असेल तर फिका पिवळा, जास्त असेल तर तपकिरी. डाग पेटीवरच्या रंगपट्टीशी ताडून बघायचा. वीस-तीस मिनिटांचं काम, आणि खुल्या हवेत करायचं.

२००० नंतरच्या तीनेक वर्षांत बांगलादेशात अशा पेट्यांनी सुमारे ५० लाख नळकूप तपासले. देशाची मर्यादा ५० मायक्रोग्रॅमची होती. त्याच्या आत असेल तर नळाच्या तोंडाला हिरवा रंग, वर असेल तर तांबडा. तांबड्या नळाचं पाणी भांडी घासायला, हिरव्याचं प्यायला, आणि हिरवा नळ शेजाऱ्याच्या अंगणात असेल तर कळशी घेऊन त्याच्याकडे. पावसात रंग उडतो. नंतर खणलेल्या नळांना रंगच नाही.